संगणकविद्येच्या दोन वाटा

मुलास किंवा मुलीस संगणकाची विद्या शिकवावयाची, एवढें घरांत ठरलें म्हणजे अर्धें काम झालें असें आईबापांस वाटतें. वस्तुतः खरी अडचण तेथूनच सुरू होते. शालान्त परीक्षेचा निकाल लागला कीं पणदऱ्याचे व आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील पालक आमच्याकडे येतात आणि एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारितात. कोणी म्हणतो, "सर, पोराला जावा लावूं कीं डॉटनेट?" कोणी म्हणतो, "पुण्याला एम्बेडेड म्हणून कांहीं असतें, त्यांत पुढें चांगलें आहे म्हणतात, खरें का?" एका ऊस पिकविणाऱ्या गृहस्थांनीं तर क्लासच्या फीसाठीं सोसायटीचें कर्ज काढण्याची तयारी करूनच आम्हांस गांठलें होतें. फी भरावयाची हें त्यांच्या मनानें घेतलें होतें. कोणत्या क्लासची, एवढेंच त्यांस आमच्याकडून हवें होतें.

कर्ज फेडतां येतें. परंतु मुलाच्या उमेदीचीं तीनचार वर्षें कोणतीही सोसायटी परत देत नाहीं. बुरूज बांधूं पाहणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा शुभवर्तमानांतील दृष्टान्त आमच्या विद्यार्थ्यांनीं प्रार्थनेच्या वेळीं ऐकिलेला आहे. पण अंदाज घ्यावयाचा तर बुरूज ही काय वस्तु आहे, हें तरी निदान ठाऊक असावयास पाहिजे. म्हणून कोणती वाट धरावी हें सांगण्यापूर्वीं ह्या वाटा कशा आहेत तें आम्ही येथें जरा विस्तारानें सांगतों.

जावा, डॉटनेट, सी, पायथॉन हीं नांवें ऐकून मनुष्य गोंधळतो, तें साहजिक आहे. हीं सर्व आज्ञावली लिहिण्याच्या भाषांचीं अगर साधनांचीं नांवें होत. आज्ञावली, म्हणजे रोजच्या बोलण्यांतील प्रोग्रॅम, ही यंत्रास दिलेल्या हुकुमांची क्रमवार मांडणी. भाषा शेंकडों आहेत व उद्यां आणखी निघतील. परंतु पोटापाण्याच्या दृष्टीनें पाहिलें तर आमच्याकडील मुलांपुढें मुख्य वाटा दोन येतात. एका वाटेवरील आज्ञावली एखाद्या यंत्राच्या पोटांतच वस्तीस असते. त्या यंत्राचें एकच काम ती जन्मभर करिते. तिलाच एम्बेडेड असें म्हणतात. आपण तिला यंत्राची वाट म्हणूं. दुसऱ्या वाटेवरील आज्ञावली कोठेंतरी दूरच्या मोठ्या संगणकांवर राहून माणसांच्या नोंदी, देणींघेणीं, तिकिटें, पगार असले व्यवहार सांभाळिते, आणि आपण मोबाईलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावरून तिच्याशीं बोलतों. तिला व्यवहाराची वाट म्हणूं. जावा व डॉटनेट हीं मुख्यत्वें ह्या दुसऱ्या वाटेवरचीं साधनें. सी ही भाषा मुख्यत्वें पहिल्या वाटेवरची.

ह्या दोन्ही वाटा एकाच ठिकाणीं पाहावयाच्या असल्यास पुण्यास जाण्याचें कारण नाहीं. माळेगांव किंवा सोमेश्वर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्या हंगामांत आपण रोज पाहतों. कोणत्याही कारखान्याच्या फाटकाशीं वजनकाटा असतो, आणि शेतकऱ्याचें वर्षाचें मोल त्या काट्यावर कांहीं क्षणांत ठरतें. त्या क्षणांत काय घडतें?

काट्याच्या पोलादी तक्तपोशीखालीं लोडसेल नांवाचे ठोकळे बसविलेले असतात. भार आला कीं पोलाद दबतें, पण तें इतकें थोडें कीं डोळ्यास कांहींच कळूं नये. त्या ठोकळ्यास धातूच्या अत्यंत पातळ वर्खाची नागमोडी पट्टी चिकटविलेली असते. पोलाद दबलें कीं ही पट्टी किंचित् आखुडते किंवा ताणली जाते, आणि तिच्यांतून वीज वाहण्यास होणारा विरोध त्या मानानें बदलतो. हा बारीक फरक व्हीटस्टनच्या सेतूनें विजेच्या दाबांत उतरवितात. हा सेतू विज्ञानशाखेच्या मुलांस बारावीच्या पुस्तकांत भेटतो आणि बहुतेक मुलें तो केवळ गुणांसाठीं पाठ करितात! सेतूंतून निघणारा दाब व्होल्टाच्या हजारांशांत मोजण्याइतका लहान असतो. तो वाढवून त्याचा आंकडा करावयाचा व मायक्रोकंट्रोलर नांवाच्या बोटाच्या पेराएवढ्या संगणकाकडे द्यावयाचा. आतां गंमत अशी कीं, ट्रॅक्टरचें इंजिन चालू असलें तर काटा थरथरत असतो, वाऱ्यानें हलतो, दुपारच्या उन्हानें पोलादही तापतें. म्हणून तो लहानसा संगणक एका सेकंदांत अनेक वेळां आंकडा घेतो, त्यांची सरासरी काढतो, आंकडा स्थिर झाला कीं नाहीं हें पाहतो, आणि मगच तांबड्या दिव्यांत किलोचा आंकडा दाखवितो. हें सर्व करणारी आज्ञावली ही यंत्राच्या वाटेवरची विद्या. तो आंकडा खरा आहे कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं वैधमापन खात्याचे अधिकारी प्रमाणित वजनें ठेवून काटा पडताळितात व मोहोर करितात.

तांबडा आंकडा दिसला कीं पहिली वाट संपली आणि दुसरी सुरू झाली. तो आंकडा तारेवरून काट्याच्या खोलींतील संगणकांत जातो. भरलेल्या गाडीच्या वजनांतून रिकाम्या गाडीचें वजन वजा होतें, शेतकऱ्याच्या खात्याच्या क्रमांकाशीं तें जोडलें जातें, पावती छापली जाते. पुढें दर लागतो, सोसायटीच्या कर्जाची वसुली वजा होते, बिल तयार होतें आणि बँकेंत रक्कम जमा होऊन मोबाईलवर संदेश येतो. ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणें ऊस पोंचल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याचे पैसे चुकते करावयाचे असतात. हजारों खातेदारांचा हा हिशेब हातानें लिहून त्या मुदतींत उरकणें किती जिकिरीचें असेल, ह्याची कल्पना ज्यांनीं जुनीं खातेवहींचीं कपाटें पाहिलीं आहेत त्यांस येईल. ही दुसऱ्या वाटेवरची विद्या.

दूध-संकलन केंद्रावर हेंच पाहावयास मिळतें. दुधांतील स्निग्धांश सांगणाऱ्या यंत्राच्या पोटांत एक आज्ञावली, आणि दहा दिवसांचा हिशेब करणाऱ्या संगणकांत दुसरी.

दोन्ही आज्ञावलीच, मग फरक तो काय? फरक चुकीच्या जातींत आहे, असें आमचें मत आहे. कोणत्याही धंद्याची खरी ओळख त्यांतील चुका कशा होतात ह्यावरून होते. गवंड्याची चूक निराळी, वैद्याची निराळी.

यंत्राच्या वाटेवरची एक चूक पाहूं. शाळांतून प्रयोगासाठीं आर्डुइनो उनो नांवाची एक लहान पाटी पुष्कळदां वापरतात. तिच्यावरील मायक्रोकंट्रोलरांत आज्ञावली ठेवण्यास बत्तीस किलोबाइट, आणि चालू कामाचे आंकडे ठेवण्यास अवघे दोन किलोबाइट जागा आहे. देवनागरीचें एक अक्षर संगणकांत बहुधा तीन बाइट किंवा त्याहून अधिक जागा घेतें, म्हणजे ह्या लेखाचें एक पानही त्या दोन किलोबाइटांत मावावयाचें नाहीं. इतक्या अडचणीच्या घरांत संसार करावयाचा, म्हणून आंकड्यासही मोजूनमापून जागा द्यावी लागते. त्या पाटीवर साध्या पूर्णांकास सोळा कप्पे मिळतात, आणि सोळा कप्प्यांत धन व ऋण अशा दोन्ही संख्या ठेवावयाच्या म्हटल्यावर सर्वांत मोठी संख्या 32,767 इतकीच मावते. आतां कोणी होतकरू मुलानें वजनाचा आंकडा ह्या साध्या पूर्णांकांत ठेविला. बैलगाडी तोलली, बरोबर आलें. लहान ट्रॅक्टर तोलला, तेंही बरोबर. मुलगा खूष झाला. मग 35,000 किलो भाराचा ट्रक काट्यावर चढला आणि पडद्यावर उमटलें : उणें 30,536! यंत्र बिघडलें नाहीं, वीज गेली नाहीं. संख्या फक्त कप्प्यांत मावली नाहीं व उलटून दुसऱ्या टोकाला गेली. ही चूक हास्यास्पद वाटेल, परंतु 4 जून 1996 रोजीं युरोपांतील राष्ट्रांचें एरियान 5 हें अग्निबाण-यान उड्डाणानंतर सुमारें चाळीस सेकंदांत नष्ट झालें, तें ह्याच कुळांतील चुकीमुळें. एक मोठी संख्या सोळा कप्प्यांच्या जागेंत कोंबण्याचा प्रयत्न तेथें झाला होता.

आतां व्यवहाराच्या वाटेवरची चूक. तेथें जागेची टंचाई नाहीं. तेथें गर्दीची पंचाईत आहे. समजा, कारखान्याच्या खात्यांतून एका शेतकऱ्याचे पैसे वजा झाले, आणि ते त्याच्या खात्यांत जमा होण्यापूर्वींच वीज गेली. पैसे कोठें गेले? किंवा कारकुनानें पडदा हलत नाहीं म्हणून एकच कळ दोनदां दाबली व एका खेपेच्या दोन नोंदी झाल्या. किंवा एकाच गांवांत एकाच नांवाचे व एकाच आडनांवाचे चार खातेदार निघाले, आणि आमच्या भागांत तें निघतातच. मग नांवावरून खातें ओळखणारी आज्ञावली एकाचा ऊस दुसऱ्याच्या नांवें टाकील. ह्यांवर उपाय आहेत. वजा व जमा ह्या दोन गोष्टी एकाच गांठोडींत बांधावयाच्या. दोन्ही झाल्या तरच खऱ्या, नाहींतर एकही नाहीं. प्रत्येक खेपेस असा क्रमांक द्यावयाचा कीं जो पुन्हां येऊंच शकणार नाहीं. हे उपाय पुस्तकांत आहेत. पण ते कोठें लावावयाचे हें समजण्यासाठीं माणसांचा व्यवहार समजला पाहिजे. सन 2000 जवळ आलें तेव्हां जगभर जी धांदल उडाली, ती ह्याच वाटेवरच्या एका जुन्या काटकसरीमुळें. पूर्वींच्या आज्ञावलींत सालाचे शेवटचे दोनच आंकडे लिहीत, त्यामुळें 2000 आणि 1900 ह्यांत यंत्रास भेद करतां येईना. त्या दुरुस्तीच्या कामावर आपल्या देशांतील कित्येक तरुणांची पहिली नोकरी उभी राहिली.

म्हणून आमच्याकडे येणाऱ्या मुलास आम्ही पगाराचे आंकडे सांगत नाहीं. तुला कोणती चूक शोधावयास आवडेल, असें विचारतों. काय मोडलें आहे हें पाहण्यासाठीं जो रेडिओ उघडून बसतो, तारेचें टोंक कोठें सुटलें हें हुडकण्यांत ज्याची संध्याकाळ जाते, विजेच्या मोटारीजवळून ज्याला हलवावें लागतें, तो पहिल्या वाटेचा. जो मित्रांच्या क्रिकेटच्या धावांची वही काटेकोर ठेवितो, सहलीची वर्गणी कोणाकडून आली व कोणाची राहिली हें ज्यास तोंडपाठ असतें, दुकानदारानें बिल कसें मांडलें इकडे ज्याचें लक्ष असतें, तो दुसऱ्या वाटेचा. हें ठोकळ अनुमान झालें. पण तें क्लासच्या जाहिरातीहून तरी पुष्कळ बरें.

नोकऱ्या कोठें आहेत, हा पालकांचा दुसरा प्रश्न. सुदैवानें दोन्ही वाटा आपल्या जिल्ह्यांतूनच जातात. इन्फोसिस ही कंपनी 1981 सालीं पुण्यांतच सुरू झाली व मागाहून बंगळूरास गेली, ही गोष्ट आज पुष्कळांस ठाऊक नसते. 1988 सालीं पुण्यांत सी-डॅक ही सरकारी संस्था निघाली व तिनें 1991 सालीं परम हा महासंगणक तयार केला. परसिस्टंट सिस्टिम्स ही 1990 सालची पुण्याचीच कंपनी. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथील कचेऱ्यांतून जें काम चालतें, त्यांतील फार मोठा भाग दुसऱ्या वाटेवरचा आहे. साहजिकच नवशिक्यास तेथें दारें अधिक सांपडतात.

पहिल्या वाटेचा मुक्काम मोटारगाड्यांच्या धंद्यांत आहे. पिंपरी-चिंचवड व चाकण हा पट्टा त्यासाठीं प्रसिद्ध आहे, वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यांत 1966 पासून आहे, आणि केपीआयटी ही पुण्याची कंपनी वाहनांच्या आज्ञावलीचेंच काम करिते. हा धंदा एवढा कां वाढला, ह्याचें एक कारण आपल्या अंगणांत उभें आहे. 1 एप्रिल 2020 पासून वाहनांच्या धुरासंबंधीं भारत स्टेज सहा हे नियम लागू झाले. तोंपर्यंत बहुतेक लहान मोटारसायकलींत पेट्रोल व हवा ह्यांचें मिश्रण कार्ब्युरेटर करीत असे. गांवांतला मिस्त्री तो पेचकसानें जुळवून देई. नव्या नियमांत बसण्यासाठीं तें काम विजेच्या फवाऱ्याकडे व त्यावर देखरेख करणाऱ्या लहान संगणकाकडे गेलें. म्हणजे साध्या मोटारसायकलींतही आज्ञावली आली. बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत पियाजिओच्या कारखान्यांतून तीनचाकी गाड्या बाहेर पडतात. त्यांत विजेवर चालणाऱ्याही आहेत. विजेच्या गाडीची बॅटरी किती तापली, कोणत्या घटांत किती वीज उरली, भरणें केव्हां थांबवावें, हें सर्व तिच्या पोटांतील आज्ञावली ठरविते. तेथें चूक झाली तर बिल चुकत नाहीं. गाडी पेट घेऊं शकते. ह्या वाटेवर कामाची तपासणी फार कडक व फार संथ असते, तें ह्याच कारणानें. ज्यास आज लिहिलेलें उद्यां लोकांच्या हातीं पडावें असें वाटतें, तो येथें कंटाळतो. व्यवहाराच्या वाटेवर मात्र दर पंधरवड्यास कांहींतरी नवें लोकांपुढें जातें, आणि मध्यरात्रीं "पडदा उघडत नाहीं" म्हणून फोनही येतो.

पालकांनीं, विशेषतः मुलींच्या पालकांनीं, आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. 2020 च्या साथींत व्यवहाराच्या वाटेवरील पुष्कळ मंडळींनीं घरीं बसून काम केलें, व तशी सवलत कांहीं ठिकाणीं पुढेंही राहिली. यंत्राच्या वाटेवर तें अवघड जातें, कारण ज्या यंत्राची आज्ञावली लिहावयाची तें यंत्र व तपासणीचीं उपकरणें समोर लागतात. मुलगी ह्या वाटेस जाऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. आमच्या प्रयोगशाळेंत सोल्डरिंग करणारे सर्वांत स्थिर हात मुलींचेच आहेत. फक्त राहण्याजाण्याचा विचार आधीं करावा.

आतां तो जावा कीं डॉटनेट हा प्रश्न. त्यावर लोक इतक्या हिरिरीनें भांडतात कीं, आम्हांस त्याचें नवल वाटतें. जावा 1995 सालीं सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनें प्रसिद्ध केली. डॉटनेट मायक्रोसॉफ्टनें 2002 सालीं आणली. पहिल्यानें जावा कोठेंही चाले व डॉटनेट मुख्यतः विंडोजवरच चाले, हा मोठा भेद होता. 2016 पासून डॉटनेट लिनक्सवरही चालूं लागल्यानें तोही पुष्कळ मावळला. दोहोंची घडण इतकी सारखी आहे कीं, एक चांगली येणारास दुसरी अवगत करण्यास कांहीं महिने पुरतात. एकाच कालव्याच्या ह्या दोन चाऱ्या. शेजारच्या गांवांत ज्या कंपनीची जी चारी असेल तिचें पाणी घ्यावें. 2017 सालीं गूगलनें मोबाईलच्या आज्ञावलीसाठीं कॉटलिन ह्या नव्या भाषेस मान्यता दिली, तेव्हां ज्यांस जावा मुळापासून येत होती ते सहज तिकडे वळले. ज्यांनीं जावाचीं केवळ उत्तरें पाठ केलीं होतीं ते अडले.

ह्यावरून निघणारी गोष्ट फीच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे. साधनांचीं नांवें मरतात. व्हिज्युअल बेसिक सहा एके काळीं क्लासच्या प्रत्येक फलकावर असे. 2008 सालीं मायक्रोसॉफ्टनें त्याचा पाठिंबा थांबविला. फ्लॅश शिकून चित्रें हालविणारे तरुण तालुक्यातालुक्यांत होते. 31 डिसेंबर 2020 रोजीं तें साधनच बंद झालें. उलट, सी ही भाषा डेनिस रिची ह्यांनीं 1972 च्या सुमारास बेल प्रयोगशाळेंत केली, ती आजही काट्यांत व गाड्यांत आहे. कोष्टकांच्या रूपानें माहिती ठेवण्याचा विचार एडगर कॉड ह्यांनीं 1970 सालीं मांडला, आणि बँकांचे हिशेब आजही त्याच पायावर उभे आहेत. तेव्हां "तीन महिन्यांत अमुक साधन व नोकरीची हमी" अशी पाटी दिसली, तर त्या क्लासांत सी किंवा डेटाबेस मुळापासून शिकवितात काय, आणि मुलगा स्वतः रोज किती तास यंत्रावर बसेल, हें पालकांनीं विचारावें. उत्तर देण्यास जो टाळाटाळ करील त्याच्याकडे कर्जाचे पैसे नेऊं नयेत. ज्या गृहस्थांचा उल्लेख आम्हीं वर केला, त्यांना आम्हीं हेंच सांगितलें, व त्यांनीं तूर्त कर्ज काढलें नाहीं. मुलगा विज्ञानशाखेस गेला आहे.

घाई करण्याचें खरोखर कारणही नाहीं. दहावीनंतर पदविका घेणारानें संगणक कीं इलेक्ट्रॉनिक्स एवढी निवड करावी लागते. बारावीनंतर अभियांत्रिकीस जाणारासही तीच. बारामतीस विद्या प्रतिष्ठानचें अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, म्हणजे घरून जाऊन येऊन शिकण्याची सोय आहे. पदवीनंतर सी-डॅकचे सुमारें सहा महिन्यांचे अभ्यासक्रम प्रवेशपरीक्षा देऊन करतां येतात. त्यांत व्यवहाराच्या वाटेचा निराळा व एम्बेडेडचा निराळा असे भेद असून, पहिल्यांत जावा आणि डॉटनेट ह्या दोहोंचीही ओळख करून देतात. म्हणजे पक्की निवड वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत लांबवितां येते. त्याआधीं मात्र एक पथ्य आहे. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतलेला मुलगा पुढें व्यवहाराच्या वाटेस वळलेला आम्हीं पुष्कळ वेळां पाहिला. संगणकाची पदवी घेऊन यंत्राच्या वाटेस वळलेले मात्र थोडे, कारण विजेचें ज्ञान मागाहून भरून काढणें जड जातें. ज्याचें मन ठरत नाहीं व ज्यास पदार्थविज्ञानाची भीति नाहीं, त्यानें म्हणून इलेक्ट्रॉनिक्सकडे झुकावें, असा आमचा कल आहे. आमचे एक सहाध्यापक ह्याशीं सहमत नाहींत. त्यांच्या मतें नोकरीचीं दारें जिकडे अधिक तिकडेच गरिबाच्या मुलानें जावें. घरांत दुसरी मिळकत मुळींच नसेल तर त्यांचें म्हणणें आम्हांसही मान्य करावें लागतें.

अलीकडे एक तिसरा प्रश्न येऊं लागला आहे : यंत्रच आतां आज्ञावली लिहितें, मग मुलानें शिकून काय करावें? 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आलें तेव्हांपासून ही शंका घरोघर आहे, आणि ती पोकळ नाहीं. साधें वेबपान, नेहमींचा अर्ज, ठराविक हिशेब हें काम यंत्र खरोखरच झपाट्यानें लिहितें, आणि पूर्वीं नवशिका जें काम करीत हात बसवी तेंच हें काम होतें. दुसऱ्या वाटेच्या आरंभीच्या पायऱ्यांवर ह्याचा भार अधिक पडेल, असें आम्हांस वाटतें. कारण ज्या तऱ्हेच्या आज्ञावली इंटरनेटवर विपुल आहेत त्याच यंत्रास विपुल वाचावयास मिळाल्या. परंतु काट्यावर ट्रक चढवून आंकडा खरा आला कीं नाहीं हें पाहणारा, आणि चार एकसारख्या नांवांच्या खातेदारांपैकीं पैसे कोणाचे हें विचारणारा, हे दोघे अजून माणसेंच आहेत. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठ ह्यांच्या सहकार्यानें उसाच्या शेतीसाठीं कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालविला आहे. त्यांतही शेतांतील ओल व हवामान मोजणारीं उपकरणें पहिल्या वाटेचीं आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर सल्ला पोंचविणारी व्यवस्था दुसऱ्या वाटेची आहे.

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनीं ह्या सुट्टींत दोन प्रयोग करून पाहावेत. पहिल्यास आर्डुइनोची पाटी लागेल. ती शाळेच्या प्रयोगशाळेंत आहे, आणि नाव नोंदवून दोनदोघांच्या जोडीनें वापरतां येईल. तिच्यावर साध्या पूर्णांकांत 32,767 ठेवून त्यांत एक मिळवा आणि पडद्यावर काय येतें तें वहींत लिहा. नंतर मोठ्या पूर्णांकांत तीच बेरीज करा. दुसऱ्यास पाटी नको, शाळेचा संगणक पुरे. वर्गाच्या ग्रंथालयाचीं दोन कोष्टकें करा, एक पुस्तकांचें व एक वाचकांचें, आणि एकाच नांवाच्या दोन विद्यार्थ्यांनीं एकाच पुस्तकाच्या दोन प्रती नेल्या आहेत असें धरून कोणती प्रत कोणाकडे आहे हें कोष्टकांतून काढून दाखवा. दोन कोष्टकें पुरत नाहींत असें ज्यांस आढळेल, त्यांनीं तिसरें कोणतें लागलें तें शाळा उघडल्यावर आम्हांस येऊन सांगावें.